हिरव्या खड्यांचा चमत्कार

उत्तर जर्मनीतल्या नॉयेनफेन गावात खानावळीमागच्या सभागृहात त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलाटेबलावर चहाच्या किटल्या, किटली गार होऊ नये म्हणून तिच्याखाली मेणबत्तीची छोटी शेगडी. आणि पुढच्या लांब टेबलावर, जिथे एरवी लग्नाचा केक असतो, तिथे काचेच्या बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीत हिरवे खडे. वाटाण्याएवढे, बोराएवढे, एक तर चक्क अक्रोडाएवढा. बरणीवर मालकाचं नाव.

लोक वाकून बघत होते.

"अगंबाई, योहानच्या पोटात एवढे?"

"माझे त्याहून मोठे आहेत, हा योहान कशाला मिरवतोय?"

गुलाबांच्या प्रदर्शनातही या गावात एवढी चुरस कोणी पाहिली नव्हती.

राईमुंड हॉलबेक मंचावर आला. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो स्वयंपाकघरातली कपाटं विकायचा. आता यकृतं साफ करायचा. आवाज तोच होता.

"मित्रहो, यकृत म्हणजे तुमच्या देहाचं तळघर! तळघर कधी झाडलंत? नाही! डॉक्टर काय करतात? तळघर तुंबलं म्हणून घरच पाडतात! मी म्हणतो, कापू नका, धुवा. दिवसभर सफरचंदाचा रस, संध्याकाळी जुलाबाचं मीठ, झोपताना पेलाभर ऑलिव्ह तेल आणि त्यात ग्रेपफ्रूटचा रस. उजव्या कुशीवर पडा. सकाळी चाळणी घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा!"

टाळ्या. चाळणीला सगळ्यात जास्त.

तिसऱ्या टेबलावर अल्मुट बसली होती. शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. टाळ्या तिला ऐकू येत होत्या, पण भिंतीपलीकडे कुणी गालिचा झटकत असावं तशा. नवरा गेल्यापासून वर्षभर सगळंच असं पलीकडून यायचं. शेजारी तिची धाकटी बहीण विबके हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होती.

विबकेला शरद ऋतूत पित्ताचा एक खडा नलिकेत अडकून स्वादुपिंडाला सूज आली होती. आठवडाभर इस्पितळात, हाताला सलाईन, आणि वेदना अशा की ती आईला हाक मारायची, आई जाऊन वीस वर्षं झाली तरी. पित्ताशय काढायची तारीखही ठरली होती. ती नेमकी कोबीफेरीच्या आठवड्यात आली.

कोबीफेरी म्हणजे गावाचा हिवाळ्यातला सण. हातगाडीवर दारूच्या बाटल्या घेऊन शेतांतून चालायचं, मग या सभागृहात बसून चरबीत शिजवलेला कुरळा हिरवा कोबी, डुकराची बरगडी आणि ओट्स आणि चरबीचं सॉसेज खायचं. सगळ्यात जास्त खाईल तो राजा किंवा राणी. आणि गेल्या वर्षीच्या राणीनं या वर्षीची फेरी काढायची. गेल्या वर्षीची राणी विबके होती.

म्हणून तिनं ऑपरेशन रद्द केलं आणि हॉलबेकचं तेल प्यायली.

"बरणीभर निघाले, अल्मुट!" ती आताही कुजबुजली. "आता बिनधास्त खा म्हणाले ते. आणि तुझं आपलं तोंड बघ. जरा हस की."

"हसते नंतर," अल्मुट म्हणाली. पिशवीतून तिनं एक बरणी काढली आणि मंचाकडे निघाली.

"अरे वा, अल्मुटबाई!" हॉलबेकनं दोन्ही हात पसरले. "शाळा आली हो आपल्याकडे! बघू... वाहवा! मित्रहो, हा रंग बघा. हे पिकलेले खडे आहेत, कमीत कमी दहा वर्षांचे! कसं वाटतंय बाई आता?"

"काहीच वाटत नाही."

"यालाच हलकेपणा म्हणतात!"

"हे कुठून निघाले?"

"पित्ताशयातून, आणखी कुठून?"

"माझं पित्ताशय नऊ वर्षांपूर्वी ब्रेमेनला काढलंय," अल्मुट म्हणाली. "मी तेव्हा तिकडे नोकरीला होते. विबकेला विचारा, माझ्या उशाशी तीच बसली होती."

सभागृहानं विबकेकडे पाहिलं. विबकेचा हात टाळीसाठी उचललेला तसाच राहिला.

"असतील मग... यकृतातले," हॉलबेक म्हणाला. "खोलवरचे."

"असतील," अल्मुट म्हणाली. तिनं जवळच्या टेबलावरची किटली उचलून बाजूला ठेवली, शेगडीवर पत्र्याची बशी ठेवली आणि बशीत दोन हिरवे खडे. शेजारी एक मळकट पिवळा खडा. "हा माझा खरा. सर्जननं आठवण म्हणून दिलेला."

लोक खुर्च्या ओढत जवळ आले. हिरवे खडे आधी चमकले, मग मऊ पडले, मग बशीत हिरवं तळं झालं. वास आला. पिवळा खडा तळ्यात होता तसाच बसून राहिला.

"अरे, हा तर सॅलडचा वास!" योहान म्हणाला.

"तेलच आहे ते," अल्मुट म्हणाली. "पोटातले रस आणि ते मीठ मिळून त्याचा साबण होतो. जो पिईल त्याच्या पोटातून गोळ्या निघतील, मी प्यायले तर माझ्याही निघाल्या. पित्ताशय असो वा नसो."

हॉलबेक बरण्या खोक्यात भरू लागला. अक्रोडाएवढ्या खड्याचा मालक म्हणाला, "माझी तरी इथेच ठेवा," आणि मग स्वतःच ओशाळला.

विबके उठून आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "सगळ्यांसमोरच सांगायचं होतं तुला?"

"घरी चारदा सांगितलं."

"मग माझे खडे?"

"आहेत तिथेच आहेत. आणि तू त्यांच्यावर पेलाभर तेल ओतलंस. चरबी पोटात गेली की पित्ताशय पिळवटतं. पिळवटलं की बारका खडा खाली घसरतो, आणि पित्ताचं न् स्वादुपिंडाचं दार बहुतेकांत एकच असतं. तिथे अडकला तर स्वादुपिंड स्वतःलाच जाळायला लागतं. कोबीफेरीच्या ताटानंही हेच होऊ शकतं."

"म्हणजे मी जन्मभर उकडलेले बटाटे खाऊ?"

"त्यानंही खडे जाणार नाहीत. तेलतूप कमी केलं तर कळा कमी येतील, एवढंच. खाल्लं म्हणून तू गुन्हेगार नाहीस आणि उपाशी राहिलीस म्हणून बरी होणार नाहीस. पित्ताची पिशवीच काढायला हवी."

"पण फेरी कोण काढणार? फेरी झाली की लगेच..."

"हार्म हेच म्हणाला होता," अल्मुट म्हणाली. हार्म म्हणजे तिचा नवरा. त्याच्याही स्वादुपिंडालाच सूज आली होती. अल्मुटचा आवाज तसाच सपाट होता, जणू फळ्यावरची तारीख वाचतेय. "कोबी उकळायला राणी लागत नाही, विबके."

विबके कोट न घालताच फोन घेऊन बाहेर गेली.

"मग आम्ही काय करायचं, बाई?" कुणीतरी विचारलं.

"पोटात दुखत असेल तर सोनोग्राफी करून घ्या. खडे आहेत की नाहीत ते पडद्यावर दिसतं. नाव लावलेल्या बरणीवर विश्वास ठेवण्याआधी ज्याच्या पोटात ती गोष्टच नाही त्याच्यातूनही ती निघते का, तेवढं एकदा बघा. आणि दुखणं पाठीत शिरलं, उलट्या थांबेनात, तर मला विचारू नका, ह्यांनाही विचारू नका. इस्पितळात जा. त्याच क्षणी."

विबके आत आली. थंडीनं की कशानं, दात वाजत होते.

"सोमवारी सकाळी. उपाशीपोटी या म्हणाले इस्पितळातले."

"मी सोडते तुला."

"तू गाडी फार हळू चालवतेस."

"हो," अल्मुट म्हणाली. "पण पोचते."