श्री नसलेले कार्ड

कृष्णातच्या पत्राला मोरेश्वरने उत्तर दिलेले नव्हते. पत्र ज्येष्ठात आले, आता पावसाळा सरत आला, तरी ते त्याच्या ट्रंकेत तसेच पडून होते. कृष्णातने फार काही विचारले नव्हते. मास्तरांच्या आजारपणाचे कार्ड सांगलीत तुमच्या हाती कोणत्या दिवशी पडले, तेवढे कळवा, असे त्याने लिहिले होते. कार्ड उशिरा पोचले म्हणून टपाल खात्याने चौकशी होईतो कोंडीबाला कामावरून दूर ठेवले होते. शिराळ्याहून त्या आडगावाचे टपाल खांद्यावर नेणारा-आणणारा हा कोंडीबा. त्याने कार्ड पिशवीत विसरले आणि मास्तरांना भावाचे तोंड दिसले नाही, असे गाव म्हणत होते. पाणवठ्यावर त्याच्या बायकोशी कोणी बोलत नव्हते.

हे मास्तर म्हणजे मोरेश्वरचे थोरले भाऊ गंगाधर. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यांनीच धाकट्याला वाढवले. त्या गावात शाळा चालवत ते कृष्णातच्या घराच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, एकटे राहत. मोरेश्वरला मॅट्रिक करून त्यांनी सांगलीला काकांकडे ठेवले होते. मोरू बँकेत चिकटलेला पाहायचा, ही त्यांची एकच हौस.

गोष्ट त्या पत्राच्या आधीची, उन्हाळ्यातली. लढाई संपून वर्ष होत आले होते. एका बँकेने मोरेश्वरला मुलाखतीला बोलावले आणि विष्णुपंत काकांनी त्याची तयारी अंगावर घेतली. संस्थानच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून उमर घालवलेला हा माणूस. संध्या आटोपली की ते माजघरात खुर्ची मांडून साहेब होऊन बसत आणि पुतण्याला ओटीवरून आत यायला लावत. टोपी सरळ, कोटाची सगळी बटणे लावलेली, दारात थांबून परवानगी मागायची. मग चक्रवाढ व्याज, मग हुंडी आणि चेक यांतला फरक. हे सारे मोरेश्वरला येई. अडे ते घरी कोण कोण आहे, या साध्या प्रश्नावर.

"वडील बंधू आहेत. शिराळ्याकडे शिक्षक आहेत," तो पुटपुटे.

"खाली काय बघतोस?" काका म्हणत. "बंधू आहेत, की गहाण टाकलेत? मान वर करून सांग. बँकेत उसासे जमा करून घेत नाहीत."

मुलाखत सोमवारी होती. शनिवारी दुपारी काका आत निजले असताना पोस्टमनने ओटीवर मोरेश्वरच्या हातात एक कार्ड दिले. पत्त्याचे अक्षर अनोळखी होते. त्याने कार्ड उलटले, तर वरची जागा कोरी. तिथे श्री नव्हते.

तो ज्या घरात वाढला तिथे किराण्याच्या यादीवरही श्री असे. श्री नसलेले कार्ड एकच बातमी घेऊन येते, कोणीतरी गेल्याची. ते दाराबाहेर वाचायचे, फाडून टाकायचे आणि आंघोळ करूनच आत यायचे. गंगाधरदादांना ताप येतो आहे, हे त्यांनीच मागल्या पत्रात लिहिले होते. मोरेश्वरने डोळे खालच्या ओळींवर जाऊ दिले नाहीत. कार्ड दुमडून त्याने खिशात घातले.

वाचले की सुतक लागणार होते. सख्ख्या भावाचे, दहा दिवसांचे. काका त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नव्हते आणि बँक त्याच्यासाठी थांबणार नव्हती. बातमी कळत नाही तोवर सुतक नाही, हे शास्त्र काकांच्याच तोंडून त्याने ऐकले होते. दादा तर गेलेच, आता त्यांची हौस तरी पुरी होऊ दे, असे तो मनाशी घोळवत राहिला. घोळवता घोळवता ते त्याला पटले. रविवारी त्याने काकांपुढे सगळा पाठ न अडखळता म्हणून दाखवला. काकांनी पहिल्यांदाच शाबास म्हटले.

सोमवारी बँकेत टेबलापलीकडे तीन गृहस्थ होते. व्याजाचे गणित त्याने तोंडी सोडवले. मधल्या गृहस्थांनी चष्मा पुसत घरची चौकशी केली.

"वडील बंधू आहेत," मोरेश्वर मान वर करून म्हणाला. "शिराळ्याकडे शिक्षक आहेत."

तिथून तो थेट कृष्णेच्या घाटावर गेला, कारण वाचल्यावर आंघोळ करायची होती. टोपी काढून पायरीवर ठेवली आणि कार्ड उघडले.

'मोरेश्वर यांस. मास्तर लय आजारी हायत. सारखं तुमचं नाव घेत्यात. मिळंल त्या गाडीनं या. कृष्णात.'

कृष्णात पलटणीतून आलेला गडी. अक्षर तो तिथेच शिकला होता. तिथल्या कार्डावर वर नाव, खाली मजकूर, शेवटी सही. श्री त्याला कोणी शिकवले नव्हते.

मोरेश्वर कोरड्या अंगाने मोटारस्टँडकडे धावला. शिराळ्याची गाडी सुटून गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गावात पोचला, तेव्हा गावकरी मास्तरांना अग्नी देऊन परतले होते. सोमवारी दिवस मावळता ते गेले. मोरेश्वर बँकेत 'आहेत' म्हणाला, तेव्हा ते होते.

"लय वाट बघितली त्यांनी," कृष्णात म्हणाला. "मोटारीचा आवाज आला की दाराकडं बघायचं. आवं, कार्ड कवा मिळालं तुमास्नी?"

"काल," मोरेश्वरच्या तोंडून निघून गेले. "काल दुपारी."

"म्हंजी कोंडीबानं ठिवलं," कृष्णात सावकाश म्हणाला.

मोरेश्वर आंघोळीला पाणवठ्याकडे वळला.

सुतक फिटल्यावर नेमणुकीचे पत्र आले. तो बँकेत जाऊ लागला. पुढे कृष्णातचे ते पत्र आले. काल म्हणून सांगितलेले आता कागदावर कसे लिहायचे आणि खरे लिहिले तर काकांपुढे कसे उभे राहायचे, या विचारात ते ट्रंकेत गेले.

भाद्रपदातल्या एका रविवारी विष्णुपंतांनी त्याला हाक मारली. टपाल खात्याच्या वरिष्ठांना त्यांनी कडक इंग्रजीत अर्ज लिहिला होता. कोंडीबाला नोकरीतून कायमचे काढावे, अशी मागणी होती. खाली मोरेश्वरची सही हवी होती. काकांनी टाक त्याच्यापुढे धरला.

मोरेश्वरने टाक घेतला नाही. तो आत गेला आणि ते दुमडलेले कार्ड आणून त्याने अर्जावर ठेवले. काकांनी ते खिडकीजवळ नेऊन सांगलीच्या टपालाचा शिक्का पाहिला.

"हे शनिवारी आलं?"

"हो."

"आणि तू वाचून गप्प बसलास?"

"वाचलं नाही. वर श्री नव्हतं." मग तो म्हणाला, "दादा गेले असं कळलं असतं, तर तुम्ही मला मुलाखतीला जाऊ दिलं असतं का, काका?"

विष्णुपंतांनी कार्ड उलटून वरची कोरी जागा पाहिली.

"नसतं दिलं," ते म्हणाले. "पण वाचायला लावलं असतं."

त्यांनी कार्ड परत दिले, अर्ज फाडला आणि ते पाठ करून बसले. कोंडीबावर खोटा आळ आला हे बँकेत कळले तर नोकरीचे काय, हे त्यांनी विचारले नाही आणि मोरेश्वरनेही तो विषय काढला नाही.

त्याने कृष्णातला लिहिले की कार्ड शनिवारीच मिळाले होते, शिक्का पाहावा आणि टपालाच्या साहेबांना दाखवावा. कोंडीबाने उशीर केलेला नाही. मी ते सोमवारपर्यंत वाचले नाही. पुढे का ते लिहायला घेतले, पण दोन वेळा खोडून सोडून दिले. कार्ड त्याने त्याच पाकिटात घातले. दादांनी आपले नाव घेतल्याची तेवढीच खूण होती, म्हणून पाकीट डकवायच्या आधी ते पुन्हा बाहेर काढून वाचले.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी कोणी नव्हते. त्याने पाकीट आत सोडले आणि ते तळाशी पडल्याचे ऐकू आल्यावर तो घराकडे वळला.