चौतीसची कंबर

“वजन कधीपासून उतरायला लागलं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ताईने छताकडे पाहिलं, टेलरमास्तरांनी स्वतःच्या नखांकडे.

ताई ही आजारी ग्रंथपालाची थोरली बहीण. भाऊ तीन आठवडे अंथरुणातून उठला नाही हे तिला काल कळलं होतं; पण बोलायचा हक्क तिचा. मास्तर नुसते घरमालक. दुकानामागच्या दोन खोल्यांत अकरा वर्षं भाडेकरू ठेवलाय, असं गल्ली म्हणायची. दोन खाटांपैकी एकीवर कायम कापडांचे गठ्ठे असतात, हेही गल्लीला ठाऊक होतं. पण मास्तरांचा हात चोख, आणि चांगल्या शिंप्याच्या घरच्या खाटा मोजायला कोण जातो?

ताईने सांगून टाकलं, की भाऊ मुळातच किडकिडीत. पुस्तकं वाचून डोकं शिणलंय, आपल्या घरी नेते, चार माणसांत बसला की येईल ताळ्यावर. महिन्यापूर्वी भेटला तेव्हा चांगला होता. कपडेसुद्धा अंगाला कसे नीट बसले होते.

“म्हणजे हल्लीच,” म्हणत डॉक्टरीणबाई लिहू लागल्या.

तेव्हा कुठे मास्तरांना आपली चूक उमगली. ती शिंप्याच्याच हातून होऊ शकते. गेल्या वर्षी ग्रंथपालाचं जेवण सुटलं, मग बोलणं. एक दिवस पँट कमरेवरून सरकली तेव्हा आरशात बघत तो शांतपणे म्हणाला होता, “संपत चाललोय मी.” तो आंघोळीला गेल्यावर मास्तरांनी पँटची कंबर इंचभर आत घेतली. काही आठवड्यांनी पुन्हा. शर्टाचे खांदेही. माणूस झिजत गेला आणि कपडे त्याला बेताचे बसत गेले. कुणाला काही दिसलं नाही. त्यालाही नाही.

“हल्ली नाही,” मास्तर म्हणाले. “अकरा महिने झाले. कंबर चौतीस होती, आता एकोणतीस. पाच वेळा मीच आत घेतली. रोज पहाटे तीनला जागा होतो, न चुकता. उद्या उठलो नाही तर बरं, असं दोनदा म्हणाला.”

“पहाटेचं तुम्हाला काय माहीत?” ताईने विचारलं.

“तो उठून बसला की माझी झोप मोडते.”

ताईने पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं खोडलं. आजार कपड्यांनी झाकला जातो, बरा होत नाही, इतकंच म्हणाल्या, रागावल्या नाहीत. मग मानसोपचाराच्या वॉर्डात दाखल करण्याचा कागद पुढे ओढला.

आठव्या दिवशी मास्तर दुकान बंद ठेवून भेटीला गेले. वॉर्डात पट्टा चालत नसे. त्यांनी आणलेली पँट ग्रंथपालाने चढवली आणि ती सरकली. औषधांनी त्याची जीभ जड झाली होती.

“मास्तर, माप चुकलं तुझं.”

“चुकलं होतं. पाचही वेळचे टाके उसवले. हे चौतीस आहे.”

“कधी भरणार हे?”

“माहीत नाही,” मास्तर म्हणाले.

दारात ताई आली होती. तिने दोघांना पाहिलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

ग्रंथपालाने कमरेचं कापड मुठीत गोळा केलं आणि तो खिडकीकडे निघाला. सहा पावलांचं अंतर. चौथ्या पावलाला मूठ सैल पडली, तेव्हा मास्तरांनी मागून कंबर धरली. दोन बोटांत, टाचणी लावण्याआधी धरतात तशी.