कुणीही हलायचं नाही

ऑर्व्हिल टेट्झलाफ म्हणजे माझे मामा. त्यांचा सॉसेजचा कारखाना होता, नगरसभेत वजन होतं आणि बेसबॉलची एक टीम होती. टीम सतत हरायची. कारखाना आणि नगरसभेचा राग गाव टीमवर काढायचं, आणि मंगळवारी मामा महापौरपदाला उभे होते.

शनिवारी आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, लाइल स्टब्ज याने सहा डाव झाले तरी समोरच्यांना एकही हिट दिली नाही, म्हणजे चेंडू मारून कुणालाच पुढे पळता आलं नाही. एरवी त्याचा चेंडू कुठे जाईल हे त्यालाही पेपरातून कळायचं. असं नऊ डाव टिकलं तर गाव मालकाला डोक्यावर घेतं. पण टिकेपर्यंत त्याबद्दल बोलायचं नाही आणि बसली जागा सोडायची नाही. सोडली की हिट बसते. मागे एकजण असाच लघवीला उठला होता. आमचा न्हावी अजून त्याचे केस कापत नाही.

"कुणीही हलायचं नाही," मामांनी बजावलं. "हलला तो माझा नाही."

सातव्या डावात सगळं मैदान आळस द्यायला उभं राहिलं. तेवढं चालतं, तो रिवाजच आहे. मामा मात्र उठले नाहीत. त्यांचा चेहरा उकडलेल्या सॉसेजसारखा झाला होता.

मामीच्या पलीकडे डॉक्टर प्रुइट होते. मैदानावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "ऑर्व्हिल, डावा हात दुखतोय?"

"दुखतोय."

"जबड्यापर्यंत?"

"तू खेळ बघ."

आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणाले, पण बसूनच. मी उठायला लागलो, तर मामांनी उजव्या हाताने माझं मनगट पकडलं.

"बस रे. नऊ डाव होऊ देत, मग ने कुठे न्यायचं ते."

मामी म्हणाल्या की लग्नात पाद्र्याचं बोलणं संपेपर्यंतसुद्धा यांना दम निघाला नव्हता. मग त्यांनी लिंबू सरबतात रुमाल भिजवला आणि जागेवरूनच मामांच्या कपाळावर ठेवला.

आठव्या डावात माझ्या मनगटावरची पकड सुटली. डॉक्टरांनी मामीच्या पुढून हात लांबवून नाडी बघितली. मग टोपी काढली. मग पहिल्या डावापासून ती डोक्यावरच होती हे आठवून परत घातली. मामींनी मामांचा हात उचलून खुर्चीच्या दांड्यावर होता तसा ठेवला आणि समोर बघत, खांदेही न हलवता, रडत राहिल्या.

नवव्या डावात शेवटचा एक गडी उरला. स्टब्जने चेंडू टाकला. तो बॅटच्या टोकाला लागून, मेल्यासारखा उडून आमच्या खेळाडूच्या डोक्यावरून गेला आणि गवतात पडला.

हिट.

मी बाजूला पाहिलं, तर मामांचं डोकं माझ्या खांद्यावर आलेलं होतं. कधी आलं, कळलंच नाही.

मागच्या रांगेतला कारखान्याचा खाटीक म्हणाला, "शेवटी मालकच हलले."

मामी तेव्हा पहिल्यांदा मागे वळल्या. "अरे, ते वारलेत."

त्याने टोपी काढली, जरा विचार केला.

"हो बाई. पण हलले ना."

मंगळवारी मामा पडले. वारल्यामुळे नाही. वारलेली माणसं आमच्याकडे याआधीही निवडून आलेली आहेत.