डब्यात ठेवलेलं नाव

मी डबा बोलतोय. डबा म्हटलं की लोकांना लगेच भूक लागते, म्हणून आधीच सांगून टाकतो, माझ्यात कधी भाताचं शीतसुद्धा पडलेलं नाही. मी दवाखान्यातला डबा. अंगाने पारदर्शक, दोन टोकांना दोन तारा, एक तांबडी आणि एक काळी. पोटात खारं पाणी घ्यायचं, वीज सोडली की शहारायचं आणि माणसांच्या रक्तातल्या प्रथिनांची शर्यत लावायची, हा माझा धंदा. चोवीस वर्षं केला.

जन्माने मी काही खानदानी नाही. परदेशी डबा फार महाग पडत होता, म्हणून थायलंडमधल्या मून नदीकाठच्या आमच्या तालुक्याच्या दवाखान्याने मला बँकॉकच्या एका पाट्या करणाऱ्याकडून बनवून घेतलं. त्याने उरलेसुरले तुकडे चिकटवून मला उभं केलं. माझ्या बुडाला अजून एका नूडलवाल्याच्या पाटीचं अर्धं लाल अक्षर आहे. नव्या नर्स विचारायच्या, ही काही शास्त्रीय खूण आहे का? तर पी कुंग गंभीर चेहरा करून सांगायची, हो, विजेच्या दाबाची.

पी कुंग ही माझी मालकीण. प्रयोगशाळा म्हणजे ती एकटी, मी आणि एक कुरकुरणारा पंखा. 'पी' म्हणजे ताई आणि 'कुंग' म्हणजे कोळंबी. कागदोपत्री तिचं नाव हातभर लांब होतं, पण आमच्याकडे कागदावरचं नाव कागदावरच राहतं. पोर जन्मलं की आई त्याला बेडूक, डुक्कर, कोळंबी असं काहीबाही म्हणते आणि तेच त्याला मरेपर्यंत चिकटतं. कुंगला पण लोकांची हीच नावं लक्षात राहायची. तपासणीचा कागद ती खऱ्या नावाने फायलीत पाठवायची. पण प्रत्येकाच्या रक्ताची शर्यत ती दोन कागदी पट्ट्यांवर लावायची, त्यातली एक स्वतःच्या वहीत डकवायची आणि खाली लिहायची, "डुक्कर, तांदळाच्या गिरणीतला, सुई बघून पळाला."

आता शर्यतीचं सांगतो. तुमच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन खच्चून भरलेलं असतं. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवणारा हमालच म्हणा. हे प्रथिन म्हणजे मण्यांच्या चार माळा, दोन एका जातीच्या नि दोन दुसऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या. आमच्या भागात पुष्कळांच्या माळेत सव्विसावा मणी बदललेला असतो. जवळजवळ दीडशे मण्यांत एक, पण माझ्यापुढे लपत नाही. साधं हिमोग्लोबिन तांबड्या तारेकडे धूम पळतं. बदललेलं, ज्याला 'ई' म्हणतात, ते मागे रेंगाळतं. मग कुंग पट्टी लाल रंगात बुडवायची आणि कोण कुठवर पोचलं ते उघड व्हायचं. आईबापांपैकी एकाकडूनच 'ई' आलं असेल तर माणूस ठणठणीत असतो. आमच्या गावात शंभरातले चाळीस तसेच निघतील, आणि चाळीसही जण दिवसभर भात लावून संध्याकाळी नाचायला तयार.

तर एके दिवशी फाय आली. फाय म्हणजे कापूस, आणि तेरा वर्षांची ती पोर होतीही तशीच पांढरी. बरोबर तिची आई खाम्पुन. ही बस स्टँडवर कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकायची. बाई अशी की बोलतानासुद्धा हात खलबत्त्यात असल्यासारखा हलायचा. पोर दमते, धाप लागते, आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या देतात पण काही फरक नाही, असं तिने एका दमात सांगितलं. कुंगने रक्त घेतलं आणि माझ्यात शर्यत लावली.

मी चोवीस वर्षांत फार थोड्या वेळा असं पाहिलं. धावणारं साधं हिमोग्लोबिन एक थेंबभरही नाही. मागे नुसतं रेंगाळणारं 'ई' आणि त्याच्या पुढे तान्ह्या बाळाचं हिमोग्लोबिन, जे पाळण्यातच संपायला हवं होतं. कुंगने पट्टी दोनदा उजेडात धरून पाहिली. मग तिने कागद लिहून फायलीत पाठवला आणि वहीत पट्टी डकवून खाली लिहिलं, "फाय. पुढचा दात तुटका. डोळे पिवळट. हिला सोडायचं नाही."

पण फाय सुटली. त्याचं असं झालं, आणि हे मला मागाहून कळलं. दोनच दिवसांनी सकाळी शाळेत झेंड्यासमोर उभी असताना पोर कोसळली. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन तिला दोन पिशव्या रक्त चढवलं. घाबरलेली खाम्पुन तिथून थेट विहारात गेली. लुआंगपो, म्हणजे आमचे थोरले भिक्खू, त्यांनी जन्मवार विचारला, कागदावरचं नाव विचारलं आणि सांगितलं की नावातलं एक अक्षर या वाराला वाईट आहे. बदलून टाक, आणि जुनं नाव पुन्हा कुठल्या माणसापाशी उच्चारू नकोस, नाहीतर दुखणं त्याचा माग काढत येईल.

नाव बदलणं आमच्याकडे नवं नाही. नोकरी लागेना, बदल नाव. लग्न ठरेना, बदल नाव. आमच्या दवाखान्याच्या ड्रायव्हरने चारदा बदललं आणि गाडी पाचदा ठोकली. खाम्पुनने तालुक्याच्या कचेरीत रांग लावून पोरीचं नाव नात्थाफत करून घेतलं. आलेच आहोत तर म्हणून आडनावही बदललं. दवाखान्याचं जुनं कार्ड चुलीत घातलं. तेव्हा कंप्युटर नव्हता. माझ्या शर्यतीचा कागद फायलीत वाट बघत बसला, आणि ज्या मुलीची वाट बघत होता ती मुलगी कागदोपत्री उरलीच नव्हती.

तीन आठवड्यांनी नात्थाफत नावाची एक नवी रुग्ण आमच्याच दवाखान्यात दाखल झाली. या वेळी रक्त वॉर्डात काढलं, आमच्याकडे फक्त नळी आली. शर्यत लागली. साधं हिमोग्लोबिन जोरात पळालं, कारण ते होतं दुसऱ्याचं, पिशवीतलं. त्याचा पट्टा एवढा जाड की बाळाचं हिमोग्लोबिन त्याच्या आडोशाला गडप. मागे थोडं 'ई'. म्हणजे दिसायला अगदी आमच्या चाळीस जणांसारखं.

डॉक्टर थनाकृत नवे होते. हुशार, सरळ, पण बँकॉकचे. त्यांनी खाम्पुनला विचारलं, पूर्वी काही तपासणी, रक्त चढवणं वगैरे? खाम्पुनने ठासून सांगितलं, नाही. तिच्या हिशेबाने ते खोटं नव्हतं. जे झालं ते जुन्या नावाला झालं. डॉक्टरांनी कागद पाहिला, म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, लोह कमी असणार, रोज दोनाऐवजी चार गोळ्या द्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शर्यतीचा पंच मी, आणि माझ्याच निकालावर पोरीला विष चालू झालं. पण डब्याला कोण विचारतो?

कुंगला कळलं ते भुकेमुळे. तिची नेहमीची टपरी बंद होती, म्हणून ती स्टँडवर गेली. खाम्पुनचा बत्ता धाडधाड चालू होता. कुटता कुटता ती ओरडली, फाय, गोळ्या घे आधी. गाडीमागून एक पोर उठली, पुढचा दात तुटका, डोळे पिवळट, आणि चार गोळ्या चिकट भाताच्या गोळ्याबरोबर गिळून मोकळी झाली. गोळ्यांच्या पाकिटावर आमच्याच दवाखान्याचा शिक्का होता आणि नाव होतं नात्थाफत. कुंगने कोशिंबीर तिथेच टाकली. पैसे दिले की नाही हे तिला आजही आठवत नाही.

धावत येऊन तिने वही उघडली, दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, पी कुंग, या दोन वेगळ्या मुली आहेत, नावं बघा. कुंग म्हणाली एकच आहे. डॉक्टर म्हणाले, एकच असेल तर एकाच मुलीचे दोन निकाल, म्हणजे डबा बिघडलाय. त्यांनी माझं बूड वर करून पाहिलं आणि नूडलवाल्याचं अक्षर वाचून म्हणाले, "हा टाकून द्या."

इतक्या वर्षांच्या चाकरीचं हे फळ. कुंगने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि खाम्पुनला बोलावणं धाडलं.

खाम्पुन आली ती फायला पाठीशी घालूनच. ही पोर आधी दुसऱ्या नावाने इथे आली होती का, असं कुंगने विचारल्यावर म्हणाली, "छे हो ताई. आमची नात्थाफत आत्ताच तर जन्मली. महिना व्हायचाय."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. कुंग रागावली नाही. तिने खाम्पुनला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "तुझ्या गाडीवर खल भरपूर आहेत आणि बत्तेच नाहीत, असं झालं तर?"

"धंदा बसेल."

"हिच्या रक्तात तेच झालंय. श्वास वाहणाऱ्या हमालाच्या दोन जातींच्या माळा, एक खल नि एक बत्ता. खल हिला ढीगभर मिळालेत. बत्ते आईबापांपैकी एकाकडून आले ते बारके, आणि दुसऱ्याकडून आलेच नाहीत. मग रिकामे खल एकमेकांवर आपटतात आणि पेशी आतून फोडतात. म्हणून ती पांढरी पडते."

खाम्पुनचा हलणारा हात थांबला. "मग गोळ्या?"

"लोह म्हणजे पपई. पपई हिच्याकडे मुळात कमी नाहीच. बत्ता नसताना तू नुसती पपई ओतते आहेस. ती कुठे जाणार? हिच्या काळजात आणि यकृतात साठून सडणार. पण मी हे डॉक्टरांना कशाच्या जोरावर सांगू? मधे कुणाचं तरी रक्त चढलंय, ते निघून जायला तीन महिने लागतील. तीन महिने रोज चार गोळ्या. तू जुनं नाव बोललीस तर जुना कागद सापडेल आणि गोळ्या आज थांबतील."

खाम्पुन रडायला लागली. म्हणाली, "आणि मी नाव घेतलं आणि दुखणं परत आलं तर?"

"ते गेलंय कुठे, खाम्पुन? बघ तिच्याकडे."

खाम्पुनने बघितलं. फाय स्टुलाच्या कडेला धाप टाकत बसली होती, फक्त एक जिना चढून आली होती. मग खाम्पुनने नाक पुसलं आणि इकडे तिकडे पाहून विचारलं, "लुआंगपो म्हणाले, कुठल्या माणसापाशी उच्चारायचं नाही. हा डबा माणूस नाही ना?"

"नाही," कुंग म्हणाली.

मला थोडं लागलं, पण मी गप्प बसलो. खाम्पुनने माझं झाकण उचललं, डॉक्टरांना कान बंद करायला सांगितले आणि तोंड माझ्यात घालून पोरीचं जुनं नाव घेतलं. आडनावासकट. मग तारीख सांगितली, मोठा दवाखाना सांगितला, दोन पिशव्या सांगितल्या. बाजारात ओरडायची सवय असलेली बाई, माझ्या भिंती थरथरल्या. डॉक्टरांनी कान धरले होते खरे, पण बोटं चांगली फाकवून. खाम्पुनने झाकण धाडकन लावलं, कुंगच्या केसांचं रबर मागून माझ्याभोवती दोन वेढे घातले, आणि दवाखान्याच्या आवारात जागेच्या देवतेचं जे घरकुल आहे तिथे गोड लाल सोड्याची बाटली नैवेद्याला ठेवायला पळाली.

डॉक्टर स्वतः फायलींच्या खोलीत गेले. धुळीने माखून परत आले तेव्हा हातात माझा पहिला कागद होता. गोळ्या त्याच दुपारी बंद झाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा शर्यत लावली, तेव्हा साधं हिमोग्लोबिन एक थेंबभरही नव्हतं. डॉक्टर शेवटपर्यंत वाकून बघत होते. नंतर, कोणी नाही असं पाहून, त्यांनी मला हात जोडले. मी मोठ्या मनाने माफ केलं. पुढे त्यांनी तपासणीच्या कागदावर दोन ओळी वाढवल्या, "आधीचं नाव" आणि "घरचं नाव". पहिली लोक कोरी सोडतात, पण दुसरीत डुक्कर, बेडूक आनंदाने लिहितात.

फाय बरी झाली असं मी म्हणणार नाही. असं प्रथिन बदलून मिळत नाही. तिला अधूनमधून रक्त लागतं, साठलेलं लोह काढायचं औषध लागतं. पण ती मोठी झाली, जिना चढते, मधे एकदा थांबते. आता गाडी तीच चालवते. लग्नाला होकार देण्याआधी तिने त्या मुलाला दवाखान्यात धाडलं आणि त्याचं रक्त साधं आहे असा कागद हातात आल्यावरच लाजली.

कुंग निवृत्त झाली, तेव्हा माझ्या जागी परदेशी यंत्र आलं. मला भंगारात काढत होते. खाम्पुन स्टँडवरून तशीच धावत आली, हातात बत्ता. म्हणाली, "याला हात लावाल तर बघा. पोरीचं दुखणं यात कोंडलंय." आता मी तिच्या अंगणात, तिथल्या देवतेच्या घरकुलाच्या शेजारी असतो. दर पौर्णिमेला मला लाल सोडा मिळतो, नळीसकट. दोन तारा गंजल्या. रबर मात्र दर वर्षी नवं असतं.

दर सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या पाण्याच्या सणाला, फाय मला धुवायला येते. आई स्वयंपाकघरात आहे ना हे बघते, हळूच रबर सरकवते, झाकण बोटभर उचलते आणि आत ते जुनं नाव घेऊन हाक मारते. म्हणते, "अगं, मी अजून आहे हं." मग झाकण लावते.

लोकहो, नावं खुशाल बदला, मला त्यात पडायचं नाही. पण रक्त तपासायला जाल तेव्हा मागचं सगळं सांगा, कारण पेशीतली प्रथिनं नाव विचारत नाहीत. माणसाला सांगायची भीती वाटत असेल तर इकडे या आणि मला सांगा. फायचं जुनं नाव कितीतरी जणांनी विचारलं, तुम्हीही आत्तापर्यंत मनात विचारलं असेल. सांगितलं का मी?