गाठ कसली?

त्या वर्षी दिवाळीनंतर मखमलाबादच्या मळ्यात भिमाजीचा दिवस गुलाबाच्या तोडणीनं सुरू होईनासा झाला. त्याची बायको नवसाबाई उठायची तेव्हा तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तळव्यात मिटलेलं असायचं आणि काही केल्या आपलं आपण उघडायचं नाही. भिमाजी तिचा हात कोमट पाण्यात धरून ते हलकेच सरळ करायचा. ती ओठ आवळायची, ‘टक्’ आवाज यायचा आणि बोट एकदम सुटायचं.

सून सुवर्णा हट्टालाच पेटली, तेव्हा दोघं नाशिक रोडला हाडांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीण तरुण होती. दुखणाऱ्या पेराकडे तिनं फारसं पाहिलंच नाही. बोटाच्या मुळाशी, तळहातावर अंगठा दाबून तिनं बोट उघड-मीट करायला लावलं आणि म्हणाली, "इथं गाठ आहे. इंजेक्शन देऊ." पण आधी साखर तपासायची होती. रिपोर्ट घेऊन परत या, म्हणाली.

घरी आल्यावर नवसाबाईनं सांगून टाकलं, मी काही परत जायची नाही. भिमाजीला वाटलं, सुईला भ्यायली. जन्मभर गुलाबाचे काटे टोचून घेतलेस आणि एवढ्याशा सुईला घाबरतेस, अशी त्यानं थट्टा केली. ती हसली नाही. सुवर्णाला जवळ बसवून खंडोबाच्या तळीत काय काय लागतं ते सांगू लागली. ठेवणीतलं येवल्याचं लुगडंही तिनं सुनेला नेसायला देऊन टाकलं. तेव्हा मात्र भिमाजी चरकला. ओट्यावर शेवंती निवडताना त्यानं विचारलं, हे सगळं आत्ताच का काढलंस?

नवसाबाई फुलांकडेच बघत राहिली. "आमच्या तानुबाईला बी डॉक्टर गाठच म्हनला व्हता."

तानुबाई तिची धाकटी बहीण. छातीत गाठ निघाली आणि पुढची संक्रांत काही तिनं पाहिली नाही.

ही तसली नाय, असं भिमाजीच्या ओठांवर आलं होतं. पण ते त्याला तरी कुठं ठाऊक होतं? हातातलं फूल त्यानं टोपलीत टाकलं. मग म्हणाला, "उद्या जाऊ. काय असंल ते दोघं मिळून ऐकू."

दवाखान्यात नवसाबाईनं साखरेचा रिपोर्ट पुढं केला. भिमाजीनंच विचारलं, "बाई, ही गाठ कसली? जिवावरची हाय का?"

डॉक्टरिणीनं रिपोर्ट बाजूला ठेवला. मग आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. स्टूल ओढून ती नवसाबाईच्या अगदी जवळ बसली.

"बाबा, लेंग्याच्या नाडीला गाठ पडली तर काय होतं?"

"नेफ्यात अडकती."

"तसंच आहे हे. बोट ओढणारी एक दोरी असते, ती इथं बारीक नळीतून जाते. फुलं तोडायची कात्री चालवून चालवून ती सुजलीय, म्हणून अडकते. जोर लावला की टक् करून सुटते. मावशी, ही कॅन्सरची गाठ नाही. सूज उतरायचं औषध देतेय."

नवसाबाईनं नवऱ्याच्या लेंग्याकडे एकवार पाहिलं. "यांची नाडी रोजच अडकती," ती म्हणाली. "मीच सोडवते."

भिमाजी कानापर्यंत लाल झाला.

सुई तळहातात गेली तेव्हा मात्र तिनं त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं. डॉक्टरीण म्हणाली, गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतील, साखर थोडे दिवस वाढेल. एवढ्यानं नाही सुटलं तर पुढचं पुढं बघू.

परतीच्या बसमध्ये नवसाबाई दुखरा हात मांडीवर सांभाळत बाहेर बघत होती. द्वारका चौक मागे पडल्यावर म्हणाली, "बांधाकडची शेवंती काढा औंदा. तिथं निशिगंध लावू."

बांधाकडे पाणी साचतं, निशिगंधाचे कंद कुजतील, हे भिमाजीला पक्कं ठाऊक होतं. एरवी त्यानं घर येईपर्यंत वाद घातला असता. पण निशिगंध एकदा लावला की तीन-चार वर्षं फुलतो, हेही त्याला ठाऊक होतं.

"लावू," तो म्हणाला. "चर खणतो मी."