सळईवरचं अस्वल

लिरियेनं शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून गच्चीच्या सळईला बांधलेलं कापडी अस्वल सोडवलं, तेवढ्यात खालून तिचा नवरा ओरडला,

“अगं, हात नको लावूस! स्थगिती आहे!”

“अस्वलाला?”

“घराला! जसं आहे तसंच ठेवायचं, असं कोर्टानं सांगितलंय.”

“पोट फाटलंय हो त्याचं. टाके घालते, परत बांधते. कुणी विचारलं तर सांगा, पेशंट दवाखान्यात गेलाय.”

नेवरूझ हसला नाही. आताशा त्याला हसायचाही कंटाळा यायचा. इथं व्लोर शहरात घर अर्धवट असेपर्यंत दृष्ट लागू नये म्हणून वर असं काहीतरी टांगतातच, आणि घर पुरं झालं की काढतात. पण यांचं पुरं व्हायच्या आतच पाडायची नोटीस आली, परवाना नव्हता ना, मग बुलडोझर पार फाटकापर्यंत आला, आणि मग वकीलबाईंनी धावतपळत जाऊन अपिलाचा निकाल लागेपर्यंतची स्थगिती आणली. तेव्हापासून त्यानं घरात एक खिळा ठोकला नव्हता. तपासणीवाले येऊन फोटो काढतात, त्यांना निमित्त कशाला द्या? छत नेमकं पलंगावर गळायचं. डांबराचा डबा जिन्याखाली तसाच पडून, आणि हा आपला रात्रभर पातेलं ठेवतोय, ओततोय, परत ठेवतोय.

वकीलबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. “काका, निकाल आपल्या विरुद्धच जाणार. आणि निकाल लागला की स्थगिती संपली. पण राजधानीत फायलींचा डोंगर आहे आणि आपली फाईल पार तळाशी आहे. झोपू दे तिला. तुमचं म्हातारपण इथंच निघून जाईल.”

लिरिये सुई ओवत होती आणि फाटकाशी हॉर्न वाजला, लांबलचक, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसा. जावई. बुयार बकलाव्याच्या मिठाईचा खोका डोक्यावर धरून आत आला.

“आई, कॉफी टाका! बाबा, राकीची बाटली काढा! आज नाही म्हणायचं नाही!”

“काय झालं? मिमोझाला दिवस गेले की काय?” कॉफी चुलीवर ठेवून परत सुई हातात घेत लिरियेनं विचारलं.

“त्याहून भारी! मिमोझा रोज रडते, बाबा त्या केसनं थकलेत म्हणून. म्हटलं, आपण जावई कशाला झालो? लष्करातला एक दोस्त आता त्याच कोर्टात आहे. गेलो, बसलो, त्याच्याबरोबर जेवलो आणि तुमची फाईल तळातून उचलून सगळ्यात वर! मंगळवारी सुनावणी, त्याच दिवशी निकाल! लोक म्हातारे होतात हो तारखेची वाट बघून!”

लिरियेची सुई अस्वलाच्या पोटातच राहिली.

“वकीलबाईंना विचारलंस?” नेवरूझनं हळूच विचारलं.

“छे! त्यांनाही धक्का देऊ की!” बुयारनं दोघांकडे पाहिलं. “काय हो? आनंद नाही झाला?”

चुलीवर कॉफी उतू गेली. लिरियेनं तोंड उघडलं, पण नेवरूझनं तिच्याकडे नुसतं बघितलं. जावई दारात आलेला, हातात गोड, एवढ्या लांबून गाडी हाणत. त्याला कुणी सांगायचं? आणि कसं?

नेवरूझनं दोन पेले भरले.

“झाला ना. खूप झाला. तुझ्या आरोग्याला, बुयार.”

“तुमच्या घराला, बाबा!”

नेवरूझ एका घोटात प्याला.

बुयार जेवून, दोघांच्या गालांचे मुके घेऊन, हॉर्न वाजवत गेला. मग लिरियेनं उरलेले टाके घातले, दातानं दोरा तोडला आणि अस्वल उचललं.

“बांधते वर. शिडी धरा.”

“नको.”

“आता तरी त्या स्थगितीचं नाव काढू नका हो.”

नेवरूझनं अस्वल तिच्या हातातून घेतलं, त्याच्या अंगावरची धूळ झटकली आणि त्याला आत पलंगावर, उशीला टेकवून बसवलं.

“घर पुरं झालं की काढतातच ना,” तो म्हणाला.

मग तो जिन्याखाली वाकला, डांबराचा डबा ओढून बाहेर काढला आणि शिडी चढायला लागला. लिरियेनं शिडी धरली.