पाणमांजराचा आवाज

हेमलताबाईंनी तिशीत असताना एका जपानी कार्टून मालिकेतल्या पाणमांजराच्या पिल्लाला मराठी आवाज दिला होता. दर रविवारी सकाळी ते पिल्लू टीव्हीवर नदीतून डोकं वर काढून ओरडायचं, "आलो रे!" आणि घराघरांतली पोरं त्याच्यामागून ओरडायची. ती पोरं आता चाळिशीला आली, तरी त्यांचं वेड काही उतरलं नव्हतं. महाळुंग्याच्या फ्लॅटमध्ये बाईंना अजून त्यांचे फोन यायचे.

म्हणूनच बिल्डर दादासाहेबांनी त्यांना कोळवणला बोलावलं. ओढ्याकाठचे फार्महाऊस प्लॉट विकायचे होते. मांडवात भलंमोठं रंगवलेलं पाणमांजर, समोर पाणमांजराच्या टोप्या घातलेली माणसं, मांडीवर त्यांची मुलं. एकजण तर बाईंच्या पाया पडून रडला. "मी हॉस्टेलवर होतो. तुमच्या आवाजानं निभावलं मला."

बाई हेलावल्या. तेवढ्यात दादासाहेब कानाशी लागले. "मॅडम, त्याच आवाजात म्हणा, माझी नदी इथंच आहे. बुकिंग फटाफट होईल."

बाई हात धुवायला मांडवामागं गेल्या आणि त्यांनी नाकाला पदर लावला. नमुन्याच्या बंगल्यांच्या संडासाचा पाइप थेट ओढ्यात सोडला होता. काळ्या पाण्यावर पिवळट साय धरली होती, त्यात डायपर अडकलेले. पलीकडून शेजारच्या शेतातल्या सारजाबाई म्हशीला दुसरीकडं हाकत होत्या.

"हे संडासाचंच पाणी ना हो?"

"मग काय अत्तर हाय व्हय? पयलं हितं खेकडं घावायचं. आता म्हस बी तोंड लावत न्हाई."

 बाई भाताच्या खाचराजवळ जाऊन ओकल्या. तोंड पुसून मांडवात आल्या, माइक घेतला आणि पिल्लाच्या आवाजात ओरडल्या, "आलो रे! चला, माझी नदी दाखवतो!"

टाळ्या कडाडल्या. सगळा मांडव हसत-नाचत त्यांच्यामागं ओढ्यावर आला आणि वासानं थबकला. मुलं ओ ओ करायला लागली. दोन कुटुंबं तिथूनच गाडीकडं वळली. दादासाहेबांनी दात आवळून सांगितलं, "पाणी साफ करायचं मशीन बसवतोय, महिन्याभरात सगळं क्लिअर!" आणि जेवण वाढल्याची घोषणा केली. माणसं पाठमोरी झाली.

मघाचा रडवा मात्र थांबला होता. एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं त्यानं मोबाइल धरला. "ताई, माझ्या रिंगटोनसाठी एकदा 'आलो रे' म्हणा ना. प्लीज."

हॉस्टेलवरचा तो पोरगा अजून त्याच्या डोळ्यांत दिसत होता, म्हणून तर बाईंना त्याची जास्तच शिसारी आली.

"नाही," त्या स्वतःच्या जाड्या आवाजात म्हणाल्या. त्याचा चेहरा पडला. मग तोही जेवायला गेला.

शाल-श्रीफळ खुर्चीवरच ठेवून बाई एसटीनं घरी आल्या. त्यांचा मुलगा मनीष खुशीत होता.

"आई, तुझा सगळ्यांना ओढ्यावर नेतानाचा व्हिडिओ तुफान चाललाय! सगळे म्हणतायत, आवाज तस्साच!"

"पाण्याबद्दल कुणी लिहिलंय?"

मनीषनं बराच वेळ बोटानं कमेंट्स वर-खाली केल्या.

"एकानं लिहिलंय, बॅकग्राउंड जरा चांगलं निवडायला हवं होतं."